वेशीवरचे शब्द

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गारखेड्यात दोन दिवस इंटरनेट बंद होतं. तिसऱ्या दिवशी केबलवाला पोरगा शिडी घेऊन आला. खांबावर चढला, उतरला, मोबाइलवर काहीतरी तपासलं आणि म्हणाला, ‘‘चाचा, लाइन ठीक आहे. पॅकेट ड्रॉप होतायत. गेटवेच उत्तर देत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘बेटा, मराठीत सांग.’’ तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, ‘‘मराठीतच सांगतोय की!’’

त्याचं चूक नव्हतं. वाक्य मराठीच होतं. नामं तेवढी परदेशी होती.

त्याच रात्री मुलीचा फोन आला. ती इथून इंजिनीअर होऊन पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत, कार्ल्सरूह गावी गेली आहे. तिची वेगळीच तक्रार. ‘‘अब्बू, संगणकाचं जाळं हा माझा विषय. इंग्रजीतून मला सगळं पाठ आहे. पण इथे एक वर्ग जर्मनमधून असतो आणि तिथे प्रत्येक गोष्टीला दुसरंच नाव. ही पोरं आपल्या भाषेतून शिकतात. आपल्याकडे याला काय म्हणतात हो?’’ मी बी.ए. झालेला माणूस, चार-दोन कवितासंग्रहांचा धनी. मला काय ठाऊक! पण मुलीनं विचारलं म्हटल्यावर शोधाला लागलो. त्या शोधात मी कार्ल्सरूहहून निघालो आणि फिरून आपल्याच गावात, बीबी का मकबऱ्याच्या बागेत येऊन पोहोचलो. ती हकिकत आज सांगायची आहे.

आधी मूळ शब्द घेऊ, प्रोटोकॉल. दोन संगणकांना एकमेकांशी बोलायचं तर आधी काही ठरलेलं असावं लागतं. कोणी आधी बोलायचं, ऐकू आलं हे कसं कळवायचं, नाही आलं तर पुन्हा किती वेळा सांगायचं. हे ठरवून घेणं म्हणजे प्रोटोकॉल. शब्द ग्रीक आहे. पपायरसच्या गुंडाळीला अगदी सुरुवातीला जे पान चिकटवत, ते ‘प्रोटोकोलोन’. म्हणजे पहिलं चिकटवलेलं पान. पुढे तो करारनाम्यांच्या मसुद्याला लागला आणि तिथून राजदरबारच्या रीतिरिवाजाला. आपल्या मंत्रालयात आजही प्रोटोकॉलला ‘राजशिष्टाचार’ म्हणतात. पाहुण्याला घ्यायला विमानतळावर कोणी जायचं, हे तो ठरवतो.

संगणकाच्या जगात हा शब्द आला 1967 साली. लंडनजवळ टेडिंग्टन इथे ब्रिटनची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे. तिथल्या रॉजर स्कँटलबरी आणि कीथ बार्टलेट यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एक टिपण लिहिलं, त्याच्या शीर्षकात तो आहे. त्याच प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस होते. मोठा मजकूर सलग न पाठवता त्याचे लहान तुकडे करून पाठवावेत, ही कल्पना त्यांना 1965 च्या सुमारास सुचली. अमेरिकेत पॉल बॅरन यांना ती स्वतंत्रपणे आधीच सुचली होती. ते त्या तुकड्याला ‘मेसेज ब्लॉक’ म्हणत. डेव्हिसना सुटसुटीत शब्द हवा होता. त्यांच्या मनात ‘पॅकेट’ आला, पण त्यांनी तो लगेच रूढ केला नाही. आधी एका भाषातज्ज्ञाला विचारलं, की इतर भाषांमध्ये हा शब्द सहज नेता येईल ना? होकार मिळाला, मग पुढे गेले. शास्त्रज्ञ शब्द ठरवताना परभाषेतल्या माणसाची आठवण ठेवतो, हे मी पहिल्यांदाच वाचलं. मला तो माणूस आवडला.

अमेरिकेतल्या पोरांनी तर नम्रतेची कमाल केली. 1969 च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्यानं जाळ्याच्या नियमांचं पहिलं टिपण काढलं. नियम म्हटलं तर वडीलधारे रागावतील, म्हणून या टिपणांना नाव दिलं ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’. आपल्या कचेरीच्या भाषेत ‘अभिप्रायार्थ सादर’. सगळं इंटरनेट आजही या अभिप्रायार्थ सादर केलेल्या कागदांवर चालतं. आपल्या कचेरीतले असे कागद कुठे जातात, ते तुम्हाला माहीत आहेच.

आता जर्मन. संगणकांच्या बोलण्याची उतरंड सात थरांची मानतात. 1984 साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं तो आराखडा प्रसिद्ध केला. इंग्रजीत थराला लेयर. जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याचा उच्चार मुलीनं करून दाखवला तेव्हा मला चक्क ‘शिष्ट’ असं ऐकू आलं. राजशिष्टाचाराच्या मागोमाग हे शिष्ट! अर्थ मात्र थर. कारखान्यातल्या पाळीलाही तिथे हाच शब्द.

गंमत या थरांच्या नावांत आहे. ज्या थराला इंग्रजी नुसतं ‘डेटा लिंक’ म्हणतं, त्याला जर्मन ‘झिषरुंग्स-शिष्ट’ म्हणते, म्हणजे सुरक्षित करणारा थर. वाटेत चूक झाली का, हे तो तपासतो, म्हणून ते नाव. इंग्रजी ज्याला ‘नेटवर्क’ थर म्हणतं, तो जर्मनमध्ये ‘फेरमिटलुंग्स-शिष्ट’. फेरमिटलुंग म्हणजे मध्यस्थी; टेलिफोन एक्स्चेंजलाही तिथे पूर्वीपासून हाच शब्द. इंग्रजी ‘सेशन’ला जर्मन ‘झिट्सुंग’ म्हणते. शब्दशः बसणं, म्हणजे आपली बैठक. संगणकाला ‘रेष्नर’, म्हणजे हिशेब करणारा, जवळजवळ आपला संगणकच. आणि ‘प्रोटोकोल’ हा शब्द जर्मनमध्ये आहे, पण त्याचा रोजचा अर्थ सभेचं इतिवृत्त. त्यामुळे ‘प्रोटोकोल लिहून आण’ म्हटलं की काय आणायचं, हे मुलीला अजून दोनदा विचारावं लागतं.

जर्मनांना ही सवय आजची नाही. हाइनरिष फोन श्टेफान नावाचे त्यांचे पोस्टप्रमुख होते. 1874 मध्ये जागतिक टपाल संघ स्थापन झाला, त्यात त्यांचा पुढाकार. त्याच सुमारास त्यांनी आपल्या खात्यातले सातशेहून अधिक परके शब्द, बहुतेक फ्रेंच, एका आदेशानं हटवले आणि जर्मन शब्द आणले. पाकिटाला, रजिस्टर पत्राला, सगळ्याला. 1877 मध्ये टेलिफोन आला तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘फेर्नश्प्रेषर’, म्हणजे दूरून बोलणारा. आपला दूरध्वनी त्याच वळणाचा. पुढे काय झालं? पोस्टातले शब्द रुजले. पाकिटाला आज बहुतेक जर्मन माणसं जर्मन नावच देतात. फेर्नश्प्रेषर मात्र म्हातारा झाला आणि लोक टेलिफोनच म्हणू लागले. आणि दूरचित्रवाणी आली तिला ‘फेर्नझेअर’ म्हणतात, तो शब्द ठणठणीत आहे! नियम कोणता, ते मला सांगता येणार नाही. जाळ्याच्या शब्दांतही असंच. मार्ग ठरवण्याला जर्मनमध्ये ‘लाइटवेग-लेंकुंग’ असा भारदस्त शब्द आहे, पण तो पुस्तकातच. वर्गाबाहेर पडलं की सगळे राउटिंग म्हणतात. मला वाटतं, दुकानात खोक्यातून जी वस्तू येते ती आपलं नाव खोक्यावर छापून आणते. राउटर तसा आला. थर काही दुकानात मिळत नाहीत. ते कोणीतरी वर्गात उभं राहून समजावून सांगावे लागतात. समजावून सांगताना मातृभाषा लागते, म्हणून तिथे जर्मन टिकली.

इथवर आलो आणि मला माझे अब्बा आठवले.

अब्बांचा जन्म 1931 चा, शहागंजातला. निजामाच्या राज्यात शिकलेले. त्या राज्यात तेव्हा एक मोठा प्रयोग चालू होता आणि त्याचा एक पाय आपल्या गावात होता. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं ते उर्दू माध्यमातून. वैद्यक आणि इंजिनीअरिंगसुद्धा उर्दूत शिकवायचं ठरलं. पुस्तकं कुठली? म्हणून 1917 साली भाषांतर विभाग निघाला, ‘दारुल तर्जुमा’. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. हेच अब्दुल हक त्याआधी औरंगाबादेत शाळांचे अधिकारी होते. 1912 मध्ये ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेची सूत्रं त्यांच्याकडे आली आणि त्यांनी तिचा कारभार इथे आणला. 1938 मध्ये तो दिल्लीला गेला. म्हणजे जवळजवळ पाव शतक उर्दूतल्या शास्त्रीय शब्दांचा एक कारखाना आपल्या या शहरात होता. 1921 मध्ये ‘उर्दू’ हे त्रैमासिक इथून निघालं, 1928 मध्ये ‘सायन्स’ नावाचं विज्ञानाचं नियतकालिक. आज छत्रपती संभाजीनगरात संगणक शिकणाऱ्या किती मुलांना हे माहीत असेल?

1921 मध्येच इथून एक पुस्तक निघालं, ‘वज़-ए-इस्तिलाहात’, म्हणजे परिभाषा घडवण्याचं शास्त्र. लेखक पानिपतचे वहीदुद्दीन सलीम. तेव्हा दोन पक्ष होते. एकाचं म्हणणं, शास्त्राचे शब्द अरबीतूनच घडवा, त्याला वजन असतं. सलीम म्हणत, उर्दू ही आर्य कुळातली भाषा आहे. तिच्या स्वभावाप्रमाणे प्रत्यय लावा, समास करा, नामांपासून मोकळेपणानं क्रियापदं घडवा. अरबीच्या जागी संस्कृत घाला, वाद आपल्या मराठीतला वाटेल. अरबीच्या बाजूनं होते नज़्म तबातबाई. ते कवी. थॉमस ग्रेच्या प्रसिद्ध इंग्रजी विलापिकेचं त्यांनी केलेलं उर्दू रूपांतर आजही नावाजतात. म्हणजे भौतिकीच्या शब्दांवर कवी हमरीतुमरीवर आले होते! आजच्या कवीला राउटरवरून भांडायला कोणी बोलावत नाही.

अब्दुल हकांबद्दल आणखी एक सांगायला हवं. ते मकबऱ्याच्या आवारात राहत. तिथल्या बागेत नामदेव नावाचे माळी होते, दलित समाजातले. अब्दुल हकांनी त्यांच्यावर लिहिलेलं शब्दचित्र उर्दूत आजही वाचलं जातं. बड्याबड्या समकालीनांच्या पंक्तीत त्यांनी या माळ्याला बसवलं. आणि 1933 मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिलं ते मराठीवरच्या फारसीच्या प्रभावाचं. अर्ज, कागद, मुदत, हजर, जमीन हे शब्द मराठीत कसे मुरले, याचा शोध एक उर्दूचा मौलवी औरंगाबादेत बसून घेत होता.

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशानं हे फारसी शब्द बदलायला घेतले होते. पेशव्याचे पंतप्रधान झाले, सुरनिसाचे सचिव, मुजुमदाराचे अमात्य. त्यातला सचिव आजही मंत्रालयात बसतो. आणि त्याच्याकडे जो कागद जातो त्याला अर्ज म्हणतात. दोघं शेजारीशेजारी सुखानं नांदतात.

पण निजामी प्रयोगाची दुसरी बाजू झाकून ठेवली तर मी अप्रामाणिक ठरेन. या मराठवाड्यात बहुसंख्य लोकांची भाषा मराठी होती. एका भारतीय भाषेतून विज्ञान शिकवता येतं, हे उस्मानियानं दाखवलं खरं. पण परभणी-नांदेडच्या शेतकऱ्याच्या पोराला ती भाषा इंग्रजीइतकीच परकी होती. त्याला आधी उर्दूची वेस ओलांडावी लागे, मग विज्ञान. घरात उर्दू आणि कागदावर मराठी असलेला मी माणूस. मला ही दोन्ही दुखणी कळतात.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली. निजामाचं राज्य भारतात आलं. उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. अब्बा तेव्हा सतरा वर्षांचे, मॅट्रिकच्या उंबरठ्यावर. त्यांची भूमिती पक्की होती. पण ती ज्या शब्दांत होती त्या शब्दांना आता कोणी विचारेना. त्रिकोण म्हणजे मुसल्लस, वर्तुळ म्हणजे दायरा, व्यास म्हणजे कुत्र, समीकरण म्हणजे मुसावात. शिक्षण तिथेच थांबलं. पुढे आयुष्यभर ते बांधकामावर मिस्त्री होते.

मला त्यांनी मराठी शाळेत घातलं. आठवीत भूमिती आली, मला काही उमजेना. अब्बांनी पुस्तक हातात घेतलं. आकृती बघितली की त्यांचा चेहरा उजळायचा आणि शेजारचा मजकूर वाचायला लागले की विझायचा. शेवटी म्हणाले, ‘‘बेटा, मला भूमिती येते. तुझी भूमिती येत नाही.’’ त्यांचा तो आवाज मी विसरलेलो नाही.

मग ते उठले आणि हत्यारांच्या पिशवीतून गुण्या काढून आणला. गवंड्याचा काटकोनी गुण्या. तो वहीवर ठेवून म्हणाले, ‘‘हा काय?’’ मी म्हटलं, ‘‘गुण्या.’’ ‘‘याच्यात जो कोपरा आहे, त्याला मी ज़ाविया क़ायमा म्हणायचो. तुझं पुस्तक काटकोन म्हणतं. गवंडी काय म्हणतो? भिंत गुण्यात आहे. झालं!’’ त्या गुण्यावर मी भूमितीत पास झालो. खूप वर्षांनी कळलं की हा गुण्यासुद्धा फारसीतून आलाय, आणि फारसीत तो ग्रीकमधून. मूळ अर्थ कोन. प्रोटोकॉलइतकाच परदेशी. पण तो हातोहात आला, थापी-ओळंब्याबरोबर आला, त्यामुळे त्याचा पासपोर्ट कोणी तपासला नाही. 1948 नं अब्बांचा मुसल्लस नेला, गुण्या राहिला.

अंजुमननं दिल्लीला गेल्यावर, 1939 पासून, एक कोश आठ खंडांत काढला, कारागिरांच्या शब्दांचा. सुतार, लोहार, गवंडी, विणकर आपल्या हत्याराला, सांध्याला, चुकीला काय म्हणतात, ते गोळा केलं. आधी शब्द घडवून झाले आणि मग कारागिराची आठवण झाली. उलटा क्रम असता तर? हा प्रश्न मला छळतो.

मराठीत काय आहे म्हणाल, तर पुष्कळ आहे. 1960 मध्ये भाषा संचालनालय निघालं. विषयवार परिभाषा कोश निघाले. संगणक, कळफलक, संकेतस्थळ हे शब्द आता बऱ्यापैकी ओळखीचे आहेत. महाजाल आणि आंतरजाल यांचं अजून आपसात ठरलेलं नाही. प्रोटोकॉलला कोणी शिष्टाचार म्हणतं, कोणी संकेत, कोणी नियमावली. कोशात शब्द नाही अशी माझी तक्रार नाही. तो शब्द उच्चारत कोणी वायर जोडत नाही, ही आहे. जर्मन विद्यार्थी फेरमिटलुंग म्हणतो तेव्हा त्याच्या पाठीशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेल्या तीन पिढ्या उभ्या असतात. आपल्या पाठीशी कोण आहे? तो खांबावर चढलेला पोरगा आहे. त्याला आपण कधी विचारलं नाही.

मी विचारलं. पुढच्या महिन्यात तो पैसे न्यायला आला तेव्हा चहा पाजून बसवलं. म्हटलं, गेटवे म्हणजे नेमकं काय ते माझ्या अम्मीला कळेल असं सांग. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, ‘‘चाचा, आपल्या गल्लीचं एक जाळं. बाहेर मोठं जाळं. आतलं काहीही बाहेर जायचं तर एकाच ठिकाणाहून जातं. जसा आपला पैठण गेट, दिल्ली गेट. दरवाजा बंद, तर गाव बंद.’’

अरे! बावन्न दरवाजांच्या शहरातला कवी मी, आणि हे मला सुचलं नव्हतं. भडकल दरवाजा मलिक अंबरनं 1612 मध्ये उभा केला, तेव्हापासून आपण गेटवेखालून जा-ये करतोय. आणि मराठीत त्याला केवढा नेमका शब्द आहे: वेस. वेशीवर परक्याला थांबवतात, कुठून आलास विचारतात, आत कोणाकडे जायचं ते बघून वाट दाखवतात. यंत्रही तिथे थोडंफार हेच करतं. जर्मनांनी कागदोपत्री ‘नेट्सयूबरगांग’ म्हणजे जाळ्याची ओलांड असं काहीतरी केलंय. माझ्या मते आपली वेस त्याहून सरस आहे.

त्या वेशीवर अजून एक प्रकार चालतो. 2014 पासून इंटरनेटचा पत्ता देवनागरीत घेता येतो, शेवटी ‘डॉट भारत’ लिहून. आनंदाची गोष्ट. पण यंत्रं आपसात बोलताना ‘भारत’ म्हणत नाहीत. तिथे नावाचं रूपांतर रोमन अक्षरांत होतं: एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि मग एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी. ही युक्ती 2003 मध्ये ठरली. जर्मनांनाही यातून सुटका नाही. त्यांच्या ज्या अक्षरांवर दोन टिंबं असतात, ती पत्त्यात चालू लागली 2004 मध्ये, तीही अशीच वेषांतर करून. आपण पडद्यावर आपल्या लिपीत नाव वाचतो आणि आत ते दुसऱ्याच कपड्यांत फिरत असतं. याचं वाईट वाटून घ्यावं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. अब्बांना ही गोष्ट नक्की आवडली असती.

वेस हा शब्द मी मुलीला कळवला. तिला पटला. वहीत जर्मन शब्दापुढे तिनं तो लिहूनही टाकला. मग म्हणाली, ‘‘आणि होस्टला काय म्हणू, अब्बू?’’ मी मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘‘सोपं आहे. यजमान.’’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग हसू फुटलं. ‘‘पुण्याची मैत्रीण शेजारी बसलीये. ती म्हणते, एका जाळ्यात इतके यजमान कसे चालतील?’’

त्या शब्दाचं काम अजून चालू आहे.